बोरिंगचं पाणी पिताय? निदान या चुका टाळा

इंदूरमध्ये नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं. त्यामुळे सुदामानगर असो की टिळकनगर, बोरिंगचा आधार लागतोच. त्या पाण्याची परीक्षा मात्र आपण ग्लास उजेडात धरून करतो. फार तर आरओवाला टीडीएस मीटर बुडवतो, आकडा ४०० आला की सगळे खूश. पण तो मीटर विरघळलेले क्षार किती एवढंच सांगतो. त्यात सांडपाण्यातून आणि खतांतून येणारं नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही आणि जंतूंचा तर पत्ताच लागत नाही.

याहून महाग पडणारी समजूत म्हणजे, ‘आमचं बोरिंग तीनशे फूट आहे, घाण तिथवर कशी जाईल?’ अहो, माळव्याचं पठार बेसाल्टचं. वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक. वाळूच्या थरात पाणी गाळलं जातं. खडकाच्या भेगांतून ते तसंच धावतं. त्यातून केसिंग, म्हणजे बोरिंगच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, साधारणपणे पक्का खडक लागेपर्यंतच घालतात, आणि पाइपाभोवतीची फट सिमेंटनं बुजवायचा खर्च अनेक जण वाचवतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, पहिल्या जोरदार सरींचं पाणी तिथूनच खाली उतरतं. तेव्हा फक्त मे महिन्यात तपासणी करून निर्धास्त होऊ नका; पाऊस सुरू झाल्यावरही एकदा करा.

तपासणीची बाटली भरण्याआधी बोरिंगभोवती फेरी मारा. सेप्टिक टँक कुठे आहे? आपलाच नव्हे, मागच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचाही. केसिंगचं तोंड जमिनीच्या वर आहे, की पार्किंगच्या फरशीत बुजलंय आणि गाडी धुतलेलं पाणी तिथेच साचतंय? गच्चीचं पाणी फिल्टरशिवाय थेट बोरिंगमध्ये सोडलंय का? माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पाणी जिरवल्याचं समाधान मिळतं, पण त्याबरोबर कबुतरांची घाणही खाली जाते.

जंतूंच्या तपासणीला कोल्ड्रिंकची रिकामी बाटली चालत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. नमुना गच्चीवरच्या टाकीतला नको, पंपाजवळच्या नळाचा हवा. आधी काही मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या आत बोट लावू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

रिपोर्ट वाचताना दोन ओळी आधी बघा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नको. जंतू फक्त पावसाळ्यात सापडत असतील तर पाणी वरून शिरतंय. केसिंग आणि चबुतरा बघा. नायट्रेट बारा महिने जास्त आणि क्लोराइडही चढलेलं असेल, तर सांडपाणी मुरत असण्याचा संशय घ्या. सोयाबीन-गव्हाच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या नव्या कॉलन्यांत जुन्या खतांचाही वाटा असू शकतो.

नायट्रेट जास्त निघालं की लोक पाणी उकळायला घेतात. उकळल्यानं पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याचाही इथे उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत हे पाणी अजिबात वापरू नका.

जंतू निघाले तर आधी फट बुजवा, मगच ब्लीचिंग पावडर टाका. आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत दुसरा नमुना देऊ नका. वास असताना घेतलेला नमुना चांगलाच निघतो.