विमानात हात घालण्याआधी

विमानाच्या दुरुस्तीत हात वाचवायचे तर हातमोजे सगळ्यात शेवटी. आधी बघायचं ते हे की हात जिथे जाणार आहे तिथे काय काय हलू शकतं. पंखांवरचे स्पॉयलर आणि फ्लॅप, शेपटीवरचं रडर, लँडिंग गिअरचे (चाकांचे) दरवाजे बहुतेक मोठ्या जेट विमानांत 3000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या, दाबावर चालतात, काही नव्या विमानांत 5000 वर. मध्ये बोट आलं म्हणून ते थांबत नाहीत. मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये दिलेले सर्किट ब्रेकर ओढून कॉलर (ब्रेकर परत आत दाबता येऊ नये म्हणूनची कडी) लावा, कॉकपिटमधल्या लिव्हरला टॅग बांधा, गिअरच्या पिना आणि दरवाजांचे लॉक लाल पट्टीसकट बसवा. पंप बंद केला की दाब गेला, हा समज सर्वांत महागात पडतो. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाकीत, तो उरतोच. तो सोडा आणि गेजचा काटा खाली आलेला स्वतः पाहा. शिफ्ट बदलताना कुठे काय लॉक केलंय हे लेखी द्या, तोंडी निरोप कॉकपिटपर्यंत पोहोचत नाही. सिस्टिम पुन्हा चालू करण्याआधी माणसं बाहेर आहेत हे हेडसेटवरून विचारून घ्या.

इंजिनचा पंखा नुसत्या वाऱ्यानेही फिरतो, म्हणून ब्लेडजवळ काम असेल तर तो आधी अडकवा. काउल (इंजिनचं बाहेरचं झाकण) उघडल्यावर आधाराचे सगळे रॉड लावा आणि ते लॉक झालेत ना, तपासा.

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. उडी मारताना अडकलेली अंगठी बोटाची कातडी सोलून काढते; बॅटरीच्या टर्मिनलमध्ये शॉर्ट झाली तर 24 व्होल्टलाही बोट भाजतं.

सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून पिळून बांधलेली तार) कापताना सुटं टोक धरून ठेवा, नाहीतर ते उडतं. नव्या वायरच्या शेवटी 3 ते 6 पीळ ठेवून टोक आत वळवा. पुढे तिथे हात घालणाऱ्याची बोटं वाचतात. पाना शक्यतो स्वतःकडे ओढा. ढकलावाच लागला तर मूठ न वळता तळव्याने.

आता हातमोजे. पत्र्याच्या आणि कार्बन फायबरच्या कडांसाठी कापरोधक, हायड्रॉलिक तेलासाठी त्याच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये (धोके आणि काळजी सांगणाऱ्या पत्रकात) सांगितलेले. फिरत्या ड्रिलजवळ मात्र सैल हातमोजे नकोतच, ते बिटमध्ये गुंडाळले जाऊन हात आत खेचतात.

गळती शोधायला पुठ्ठा वापरा, बोट कधीच नाही. दाबाखालचं तेल कातडीत शिरलं तर टाचणीएवढंच छिद्र दिसतं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते. त्यामुळे हाताची शस्त्रक्रिया करणारं जवळचं रुग्णालय आणि त्याचा फोन नंबर काम सुरू होण्याआधीच फलकावर हवा, सोबत तेलाची डेटा शीट. प्रथमोपचार पेटीत स्वच्छ गॉज आणि प्लास्टिक पिशव्या ठेवा: तुटलेलं बोट ओलसर गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही.