बंद झालेली इन्स्टंट फिल्म: किती घ्यावी, कशी ठेवावी, कशी संपवावी

एफपी-१००सी ही रंगीत इन्स्टंट फिल्म (जिच्यावर फोटो लॅबशिवाय लगेच तयार होतो) बंद करत असल्याचं फुजीफिल्मनं फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केलं. पोलरॉइडनं २००८ सालीच इन्स्टंट फिल्मचं उत्पादन गुंडाळलं होतं आणि फुजीची वेगवान, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, कृष्णधवल एफपी-३०००बी २०१३ मध्ये गेली होती. त्यामुळे पॅकफिल्म, म्हणजे कॅमेऱ्यातून ओढून काढायची आणि मग कागद सोलायचा ती फिल्म, मोठ्या कारखान्यातून येणं २०१६ ला संपलं. लोकांनी खोकीच्या खोकी उचलली, भाव चढले. पण ही फिल्म जपून ठेवण्यापेक्षा वेळेत संपवण्याची वस्तू आहे.

साध्या रोल फिल्मवर फक्त इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर असतो. चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, नंतर लॅबमध्ये लागतो, म्हणून ती फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं टिकते. इन्स्टंट फिल्मच्या प्रत्येक फ्रेमसोबत रसायनाची चपटी पुडी, म्हणजे पॉड असतो. आतली पेस्ट अल्कधर्मी आणि पाणीदार. काळ जातो तसं त्यातलं पाणी उडतं, पेस्ट घट्ट होते आणि रोलरखाली नीट पसरत नाही. फोटोचा कोपरा किंवा एखादी कड कोरी निघते ती यामुळे. इमल्शन ठणठणीत असलं तरी पॉड वाळला की फ्रेम गेली. म्हणूनच फ्रीझर वर्ज्य: पेस्ट गोठली की पॉडची शिवण उसवते.

आता खरेदीचा हिशोब. गेल्या वर्षभरात प्रत्यक्षात किती पॅक वापरले ते मोजा. ‘वापरायचे होते’ ते धरू नका. एफपी-१००सीच्या एका पॅकमध्ये १० फ्रेम. महिन्याला एक पॅक जात असेल तर दोन वर्षांचे २४, आणि प्रत्येक लॉटमागे (एकत्र बनलेल्या खेपेमागे) चाचणीसाठी एक जास्तीचं. यापुढचा साठा म्हणजे मुदत संपलेल्या फिल्मवरचा जुगार. एफपी-१००सीचं आज मिळणारं प्रत्येक पॅक मुदतीबाहेरचंच आहे, तेव्हा तिथं दोन वर्षांचा हिशोबही उदारच म्हणायचा.

वापरलेल्या मालाच्या बाजारातून घेताना विक्रेत्याकडून खोक्यावरची मुदत आणि लॉट क्रमांक दिसेल असा फोटो मागा. फॉइलचं पाकीट फुटलेलं असेल तर कितीही स्वस्त असलं तरी नको. ‘कायम फ्रीजमध्ये होतं’ हे सगळेच सांगतात, त्यामुळे एकाच लॉटची दोन पॅक आधी घ्या, एक चालवून पाहा आणि मगच बाकीची मागवा. परदेशातून कुणी नातेवाईक आणणार असेल तर फिल्म हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. चेक-इन सामानाचं स्कॅनिंग जास्त तीव्र असतं आणि एफपी-३०००बीसारखी ३००० आयएसओची वेगवान फिल्म त्यात सहज धुकाळते, म्हणजे फोटोवर करडी झाक येते.

ठेवायची कुठं? फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न चिकटवता (तिथं गोठू शकते). फॉइल न उघडता प्रत्येक खोकं झिप-पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात थंड खोकं बाहेर काढलं की काही मिनिटांत पाणी धरतं, म्हणून हा डबा तिथं टाळता येण्यासारखा नाही. पॅक आडवी ठेवा आणि वर काही वजन नको: पॉडवर दाब आला तर तो आधीच फुटतो. डब्यावर मार्करनं लॉट आणि मुदत लिहा. जुनं पुढं, नवं मागं.

वापरण्याच्या आदल्या रात्री पॅक बाहेर काढा आणि फॉइल दुसऱ्या दिवशीच उघडा. थंड पेस्ट घट्ट असते आणि रंग निळसर, मळकट येतात.

प्रत्येक नव्या लॉटच्या पहिल्या पॅकवर चाचणी घ्या. एकाच उजेडात एक चेहरा, एक पांढरा कागद आणि एक ग्रे कार्ड (एक्स्पोजर तपासायचं ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) ठेवून तीन फ्रेम काढा: मीटरप्रमाणे, एक तृतीयांश स्टॉप (पूर्ण स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त आणि दोन तृतीयांश स्टॉप जास्त. मुदतीबाहेरच्या फिल्मचा वेग पडलेला असतो, त्यामुळे बहुधा तिसरी फ्रेम बरी निघते. स्लाइड फिल्मसारखीच हिलाही चुकीला फार जागा नाही. मग त्याच एक्स्पोजरवर तीन फ्रेम सोलण्याच्या वेळेसाठी, म्हणजे फ्रेम ओढल्यापासून कागद सोलेपर्यंतच्या वेळेसाठी, खर्च करा: ९०, १२० आणि १८० सेकंद. २५ अंश सेल्सिअसला १२० सेकंद हा फुजीचा आकडा आहे. उन्हाळ्यात कमी पुरतात, थंडीत वाढवावे लागतात. सहा फ्रेम गेल्याचं दुःख होतं, पण उरलेली सगळी पॅक त्यावरच चालणार आहेत.

कॅमेऱ्यातल्या बिघाडांचा दोष फिल्मवर ढकलला जातो. जुन्या पोलरॉइड लँड कॅमेऱ्यांचं मागचं दार पोलरॉइडच्या धातूच्या पॅकसाठी बनलेलं आहे. फुजीचं प्लास्टिकचं पॅक त्यात आवळलं जातं आणि छोटी पट्टी ओढताना फाटते किंवा हलतच नाही. दारातल्या दाब देणाऱ्या पत्र्याच्या स्प्रिंग काढल्या किंवा थोड्या मागे वाकवल्या की प्रश्न सुटतो. पॅक बसवताना मधोमध दाबू नका, कडांना धरा. नव्या पॅकवरचा काळा कागद सरळ ओढून काढल्याशिवाय शटर दाबू नका.

फोटो काढल्यावर आधी छोटी पट्टी, मग रुंद पट्टी, एकाच सरळ आणि न थांबणाऱ्या ओढीत. मध्ये थबकलात तर तिथं आडवी रेघ येते, तिरकं ओढलंत तर एक बाजू कोरी राहते. ठरावीक अंतरावर तेच ठिपके येत असतील तर रोलरवर वाळलेली पेस्ट आहे. दर पॅकनंतर ओल्या फडक्यानं रोलर पुसा. पेस्ट त्वचेला लागली तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, आणि सोललेले कागद मुलांच्या हाती लागू देऊ नका.

कॅमेऱ्याची बॅटरीही पाहून ठेवा. पोलरॉइडच्या १०० मालिकेतल्या काही कॅमेऱ्यांना ४.५ व्होल्टची जुनी बॅटरी लागते. तिच्या जागी तीन एएए सेलचा होल्डर डागून घेता येतो.

एफपी-१००सीचा निगेटिव्ह, म्हणजे फोटोपासून सोलून निघालेला भाग, फेकू नका. तो वाळू द्या. मग काचेवर चित्राची बाजू खाली ठेवून चारही कडा पाणी न शिरणाऱ्या टेपनं बंद करा. पाठीच्या काळ्या थरावर सोडियम हायपोक्लोराइटचं दाट ब्लीच ब्रशनं पसरा, थर सुटला की पुसून धुवा. टेप काढून चित्राची बाजू कोमट पाण्याखाली अलगद साफ करा, टांगून वाळवा, स्कॅन करा. टेपखालून ब्लीच शिरलं तर ते चित्रच खातं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचच्या जवळपास आम्ल असलेलं टॉयलेट क्लीनर वापरू नका: दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू निघतो.

साठा संपल्यावर काय, याची सोय आधीच करा. फोर-बाय-फाइव्ह (४ × ५ इंची फिल्मचा मोठा) कॅमेरा असेल तर लोमोग्राफी कंपनीच्या लोमोग्राफ्लॉक बॅकमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे बसणाऱ्या फिल्म-होल्डरमध्ये, इन्स्टॅक्स वाइड ही इन्स्टंट फिल्म चालते. इन्स्टॅक्स फुजी आजही बनवतं. पोलरॉइडची नवी फिल्म पॅकफिल्मच्या कॅमेऱ्यात बसत नाही. ती घेतलीत तर एका पॅकमध्ये आठच फ्रेम मिळतात, शिवाय आय-टाइप (नव्या पोलरॉइड कॅमेऱ्यांसाठीच्या) पॅकमध्ये बॅटरी नसते. पोलरॉइडच्या जुन्या ६०० कॅमेऱ्याला पॅकमधूनच वीज मिळते, तेव्हा त्याच्यासाठी ६०० लिहिलेलंच पॅक मागा.