पैसे कुणाच्या खात्यावर जमा झाले? मध्ययुगाचा शेवट शिकताना

बी.कॉम. झाल्यावर मी एम.ए.ला इतिहास घेतला, तेव्हा घरी कुणी रागावलं नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "घे, पण जमाखर्च विसरू नकोस." अण्णा सांगलीत हळदीच्या अडतीवर 30 वर्षं दिवाणजी होते. त्यांच्या लेखी जगात दोनच विद्या: जमा आणि नावे.

पहिल्याच सत्रात युरोपचा पेपर होता, मध्ययुगाचा शेवट आणि आधुनिक काळाचा उदय. मी शिस्तीत तीन वह्या केल्या. एक व्यापाराची, एक धर्माची, एक प्रबोधनाची. पुस्तकात प्रकरणं तशीच होती, म्हणून वह्याही तशाच. चार महिने त्या वह्यांची एकमेकींशी ओळखसुद्धा झाली नाही.

मग सेमिनार आला. मी ठोकून दिलं की पोपने पापमुक्तिपत्रं, म्हणजे पापाच्या शिक्षेत सूट देणारे कागद, विकली आणि 1517 साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला. सरांनी विचारलं, "विक्रीचे पैसे कुणाच्या खात्यावर जमा झाले?" वर्ग गप्प. मी कॉमर्सची, म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला काहीही येत नव्हतं. या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी आज जे सांगते, ते सगळं त्या प्रश्नातून निघालंय.

उत्तर असं आहे. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातला आल्ब्रेख्ट 1513 मध्ये माग्डेबुर्गचा आर्चबिशप झाला आणि पुढच्याच वर्षी माइन्झचाही. वय जेमतेम 24. नियमाने एवढ्या लहान माणसाला हे पद मिळत नव्हतं, आणि दोन-दोन पदं तर नाहीच. रोमकडून सूट घ्यायची तर पैसे भरावे लागणार. नुसत्या त्या खास परवानगीचेच 10,000 डुकाट (सोन्याची नाणी), वर नेमणुकीचं शुल्क वेगळं. आल्ब्रेख्टकडे रोकड नव्हती. ती दिली ऑग्सबुर्गचा बडा सावकार जाकोब फुगर याने, कर्जाऊ. मग पोप दहावा लिओ याने आल्ब्रेख्टला त्याच्या मुलखात पापमुक्तिपत्रं विकायची मुभा दिली. निम्मा पैसा रोमला, तिथल्या सेंट पीटर्स या नव्या चर्चच्या बांधकामासाठी. उरलेला निम्मा फुगरच्या पेढीकडे, कर्जफेडीला. योहान टेट्झेल नावाचा डोमिनिकन साधू पैशांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा, आणि पेटीच्या हिशेबाला फुगरच्या पेढीचा माणूस हजर असायचा.

हे मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे वसुलीला सावकाराचा माणूस बरोबर. यात नवीन काय आहे?"

नवीन माझ्यासाठी होतं. एकाच पेटीत माझ्या तिन्ही वह्या निघाल्या होत्या: फुगरचं कर्ज, पापमुक्तिपत्रं आणि प्रबोधनकाळातलं ते बांधकाम. म्हणून पहिला सल्ला: सुरुवातीला प्रकरणं वाचू नका, एक व्यवहार धरा. कोणी दिले, कोणी घेतले, कशाच्या बदल्यात, आणि मधल्या माणसाने काय ठेवलं. हाच व्यवहार घ्या असा आग्रह नाही, पण यापेक्षा चांगला मला अजून सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. 'पापमुक्तिपत्र' हा आपल्याकडे रुळलेला शब्द, मीही वापरते, पण तो फसवा आहे. चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे पापाची क्षमा मिळते ती पश्चात्ताप आणि कबुलीजबाबाने. तरी पापाची काही शिक्षा शिल्लक राहते, ती या जन्मी किंवा मेल्यावर शुद्धिलोकात भोगायची. हे पत्र म्हणजे त्या उरलेल्या शिक्षेत सूट. 1476 मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने ही सूट मेलेल्यांच्या आत्म्यांनाही लागू केली, आणि मग आईबापांच्या नावाने पत्रं घेणाऱ्यांची रांग लागली. ज्याने वडिलांच्या श्राद्धाला ऐपतीबाहेर खर्च केलेला पाहिलाय, त्याला हे गिऱ्हाईक कळायला वेळ लागत नाही. त्यांना खुळे समजून वाचायला बसलात तर हा काळ तुम्हाला उघडणार नाही. दर माणसाच्या पायरीप्रमाणे होते: राजे आणि बिशप यांना 25 गुल्डेन (सोन्याची नाणी), आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने उपास आणि प्रार्थना करून भागवायचं.

शेजारच्या सॅक्सनीत टेट्झेलला बंदी होती. तिथला इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेला शासक, फ्रेडरिक पुढे ल्यूथरचा पाठीराखा झाला, म्हणून विद्यार्थी धरून चालतात की त्याला ही विक्रीच मुळात नापसंत होती. तसं नाही. फ्रेडरिककडे विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये संतांच्या अवशेषांचा अवाढव्य संग्रह होता, आणि तो बघायला येणाऱ्यांनाही अशीच सूट मिळायची. आपल्या रयतेचा पैसा बाहेर कशाला जाऊ द्या! ते प्रदर्शन 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला असायचं. पापमुक्तिपत्रांविरुद्धच्या ल्यूथरच्या 95 मुद्द्यांची तारीख 31 ऑक्टोबर. ते त्याने चर्चच्या दारावर खिळ्यांनी ठोकले की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे उत्तरपत्रिकेत हातोडा जपून वापरा. त्याच दिवशी त्याने पत्र लिहिलं हे मात्र पक्कं. कुणाला? आल्ब्रेख्टला. कर्जदारालाच.

व्यापाराची बाजू मला सोपी जाईल असं वाटलं होतं, आणि नेमकी तिथेच मी अडकले. चर्चने व्याज घ्यायला बंदी केली होती, तर मग फ्लॉरेन्सच्या मेदिचींची पेढी चालायची कशी? पुस्तकात 'बिल ऑफ एक्स्चेंज'ची व्याख्या होती, ती पाठ झाली, समजली नाही. शेवटी अण्णांनी मुदती हुंडी (ठरलेल्या मुदतीनंतर पैसे द्यायची चिठ्ठी) आणि दर्शनी हुंडी (दाखवताच पैसे द्यायची) यांतला फरक सांगितला आणि गाठ सुटली. फ्लॉरेन्समध्ये फ्लोरिन घ्यायचे, लंडनला तीन महिन्यांनी स्टर्लिंगमध्ये फेडायचे. व्याज असं कुठेच लिहायचं नाही, ते नाण्याच्या दरात मुरवायचं. कागदावर ते चलन बदलणं, पाप नव्हे. हुंडी, पेढी, खतावणी, आडत हे शब्द आपल्याकडे आयते आहेत, तर व्याख्या पाठ करत बसू नका. बाजारात जुना माणूस गाठा.

त्याच सुमाराला मी फ्रान्चेस्को दातिनीबद्दल वाचलं. प्रातो गावचा हा व्यापारी 1410 मध्ये वारला. 1870 मध्ये त्याच्या घरात जिन्याखालच्या जागेतून त्याची दप्तरं निघाली, पत्रंच सुमारे दीड लाख. त्याच्या हिशेबाच्या वह्यांच्या माथ्यावर लिहिलेलं असे, ईश्वराच्या आणि नफ्याच्या नावाने. वर्गात यावर सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण आमच्या घरी पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर अण्णा 'श्री' काढतात आणि खाली लिहितात, शुभ लाभ. मरताना दातिनीने बहुतेक संपत्ती प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली. तो धार्मिक होता की धंदेवाईक, असा प्रश्न त्याला स्वतःला पडला असेल असं वाटत नाही.

म्हणून 'प्रोटेस्टंट पंथामुळे (ल्यूथरच्या बंडातून निघालेल्या) भांडवलशाही आली' हे वाक्य लिहिताना हात आखडता घ्या. दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे दोन्हीकडे लिहिणं, इटलीत आधीपासून होती, लुका पाचोलीने ती 1494 मध्ये छापून पुस्तकात मांडली तेव्हा ल्यूथर शाळकरी पोरगा होता. फुगर शेवटपर्यंत कॅथलिक राहिला. योहान एक या विद्वानाने 1515 मध्ये बोलोन्यात पाच टक्के व्याज रास्त असल्याची बाजू मांडली, त्यामागे फुगरचा पैसा होता, आणि चार वर्षांनी लाइपझिगला ल्यूथरशी जाहीर वाद घालायला उभा राहिला तोही हाच योहान एक. उलट ल्यूथरने 1524 मध्ये व्यापारी आणि व्याजखोर यांच्यावर कडक टीका केली.

दुसरं घिसंपिटं वाक्य 1453 चं. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, व्यापाराची वाट बंद झाली, म्हणून युरोपीय लोक समुद्राने निघाले. शाळेपासून हे आपल्या डोक्यात बसलंय. नकाशा उघडून बघा. मिरी मुख्यतः येत होती तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला, आणि इजिप्त होता मामलुक सुलतानांकडे. तुर्कांनी तो घेतला 1517 मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोचून तेव्हा 19 वर्षं झाली होती. 1453 मुळे काहीच फरक पडला नाही असं म्हणणं नाही, पण कारण म्हणून ती एकच तारीख पुरत नाही.

छपाईवर सगळेच लिहितात आणि सगळे गुटेनबर्गच्या बायबलवर थांबतात. मी सांगेन, त्याआधीचा एक कागद बघा, मोठ्या ग्रंथालयांनी त्याची छायाचित्रं खुली ठेवली आहेत. 1454 मध्ये माइन्झला छापलेलं पापमुक्तिपत्र. सायप्रसच्या रक्षणासाठी पैसा उभा करायचा होता. एकच पान, लॅटिनमध्ये दाट ओळी, आणि मध्ये मोकळ्या जागा: घेणाऱ्याचं नाव आणि तारीख हाताने भरायला. तलाठी कार्यालयातल्या छापील अर्जासारखं! तो कागद पडद्यावर मोठा करून मी बराच वेळ बघत बसले होते. ल्यूथरच्या आधी 60 वर्षं हेच यंत्र दुसऱ्या बाजूचं काम करत होतं. मग 1518 मध्ये ल्यूथरने याच विषयावर जर्मनमध्ये एक छोटं प्रवचन लिहिलं, आणि दोनेक वर्षांत त्याच्या 20 हून जास्त आवृत्त्या निघाल्या. 95 मुद्दे लॅटिनमध्ये होते, पंडितांसाठी. हे प्रवचन चांभाराला वाचून दाखवता येत होतं.

"आपला याच्याशी काय संबंध?" हा प्रश्न घरचे विचारतील, मुलाखतीतही विचारतील. ओढूनताणून उत्तर देऊ नका, खरं आहे तेवढं पुरे. 1505 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाच्या ताफ्यात जर्मन व्यापाऱ्यांनी पैसा घातलेली तीन जहाजं भारताकडे निघाली, त्या भागीदारीत फुगरही होते. मिरीच्या बदल्यात इकडे तांबं यायचं. 2008 मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर, हिऱ्याच्या खाणीच्या कामात, एक पोर्तुगीज जहाज सापडलं, बहुधा 1533 मध्ये बुडालेलं 'बॉम जेझुस', भारताकडे निघालेलं. त्यात टनावारी तांब्याच्या लाद्या होत्या आणि त्यांवर फुगरच्या पेढीचा त्रिशूळ. 1556 मध्ये गोव्यात छापखाना आला आणि 1616 मध्ये इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापून निघालं. मराठीत इतका जवळचा पुरावा असताना लांबचे दाखले शोधायला जाऊ नका.

आता पोटापाण्याचं. यूपीएससीसाठी इतिहास घेतला असेल तर जागतिक इतिहासाचा अभ्यासक्रम ज्ञानोदयापासून सुरू होतो, तेव्हा यात महिनाभरापेक्षा जास्त रमू नका. एम.ए. आणि पुढे शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हवीच. मी सेट होऊनही तासिका तत्त्वावर शिकवते, दर जूनला नव्याने अर्ज, आणि मानधन कधी दिवाळीआधी येतं तर कधी नाही. हे आधी माहीत असावं. लॅटिन-जर्मन लगेच लागत नाही, इंग्रजी लागतं, आणि ते न घाबरता रोज चार पानं वाचून येतं. वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी शब्द, आणि मराठी शब्द कुठे कमी पडतो ते खाली लिहीत जा.

वर्गात पहिल्या तासाला मी एक चित्र दाखवते. साल 1517 च्या आसपास, ऑग्सबुर्गची कचेरी. जाकोब फुगर उभा आहे, त्याचा हिशेबनीस माथेउस श्वार्ट्स लिहितोय, मागे कप्प्यांचं कपाट. कप्प्यांवर गावांची नावं: रोम, व्हेनिस, क्राकाव, मिलान, न्यूरेंबर्ग, अँटवर्प, लिस्बन, अशी. अण्णांना मोबाइलवर दाखवलं तर त्यांनी आधी कपाटच मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडेपण असंच होतं, फक्त निजामाबाद आणि इरोड लिहिलेलं."

मुलांना मी विचारते, आल्ब्रेख्टच्या कर्जाचे कागद कोणत्या कप्प्यात असतील? बहुतेक जण माइन्झ शोधत बसतात. तो कप्पाच तिथे नाही. दोन-तीन मिनिटांनी मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, रोम?"