गर्भातलं रक्ताभिसरण घोकू नका, कागदावर काढा

नर्सिंगला हा टॉपिक आला की सगळे फोरामेन ओव्हेल, डक्टस आर्टेरिओसस असं पाढ्यासारखं म्हणत बसतात आणि व्हायव्हात नेमकं उलटं सांगून येतात, मीपण आलेय. त्यापेक्षा कोरा कागद घ्या आणि लाल-निळं पेन, लाल म्हणजे जास्त ऑक्सिजनचं रक्त, निळं म्हणजे कमी.

मधोमध हृदयाचे चार कप्पे. बाजूला फुफ्फुसं काढा आणि त्यांच्यावर फुली मारा, कारण पोटात ती पाण्याने भरलेली, रक्तवाहिन्या आवळलेल्या, तिकडे रक्त जातं ते अगदी थोडं. ऑक्सिजन पुरवते वार (प्लासेंटा). म्हणून वार खाली काढा, तिथून नाळ. नाळेत एक नीला, दोन धमन्या, आणि इथेच गाडी घसरते: नाळेतली नीला लाल काढायची, धमन्या निळ्या! बाळाच्या हृदयाकडे जाते ती नीला, रंगावर जाऊ नका. लेबर रूमला ड्युटी असेल तर कापलेल्या नाळेचं टोक नीट बघा, पातळ भिंतीचं एक मोठं भोक आणि जाड भिंतीची दोन बारीक.

आता लाल रेघ वर न्या. लिव्हरपाशी बरंचसं रक्त डक्टस व्हेनोससच्या बायपासने सरळ खालच्या महानीलेत, तिथून उजव्या वरच्या कप्प्यात, आणि मधल्या भिंतीतल्या फोरामेन ओव्हेलमधून पलीकडे डाव्या बाजूला, मग महाधमनीत, म्हणजे त्यातल्या त्यात चांगलं रक्त आधी हृदयाला आणि मेंदूला. डोक्याकडून परत आलेलं निळं रक्त उजव्या खालच्या कप्प्यातून फुफ्फुसाच्या धमनीत शिरतं, पण पुढे फुली आहे ना, मग ते डक्टस आर्टेरिओससच्या बोळातून महाधमनीत, आणि त्यातलं बरंच नाळेतून परत वारेकडे.

दुसऱ्या कागदावर जन्म. बाळ रडलं, हवा आत गेली, फुली खोडा. फुफ्फुसांतून भरपूर रक्त डाव्या वरच्या कप्प्यात यायला लागतं, तिथला दाब वाढतो, तिकडे नाळ बंद झाल्याने उजवीकडे येणारं रक्त कमी, मग फोरामेनचा पडदा डावीकडून ढकलला जाऊन भिंतीला चिकटतो, वाऱ्याने दार लागावं तसा. मोठ्या माणसांतही साधारण चौघांत एकाचा तो पूर्ण सांधलेला नसतो आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

डक्टस आर्टेरिओसस उघडा राहतो तो प्रोस्टाग्लँडिन नावाच्या हार्मोनसारख्या द्रव्यामुळे, आणि ते मुख्यतः वारेतून येतं. वार गेली, ऑक्सिजन वाढला की तो आकसतो, पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर 1 ते 3 दिवसांत बंद, पुढे काही आठवड्यांत नुसती दोरी उरते. कमी दिवसांच्या बाळात मात्र बरेचदा उघडाच राहतो, तेव्हा आयब्युप्रोफेन देतात. आणि हीच गोळी आईने सातव्या-आठव्या महिन्यात कंबर दुखते म्हणून मनाने घेतली तर तो पोटातच आवळू शकतो, वॉर्डात हे सांगायला विसरू नका.

हृदयाचा जन्मदोष पकडायला बाळाला 24 तासांनी रक्तातला ऑक्सिजन मोजायचा प्रोब (पल्स ऑक्सिमीटरचा) उजव्या हाताला आणि एका पायाला का लावतात ते आता चित्रातच दिसेल, उजव्या हाताचं रक्त डक्टसच्या आधी फुटतं, पायाचं नंतर. दोन्हीकडे 95 टक्के किंवा वर आणि फरक 3 टक्क्यांपेक्षा जास्त नाही तर ठीक, नाहीतर डॉक्टरांना लगेच दाखवा. डावा हात घेऊ नका, त्याचा फाटा डक्टसच्या अगदी शेजारी असतो. आणि पाय गार असेल तर आधी चोळून गरम करा, नाहीतर मशीन काहीही आकडा दाखवतं आणि आई रडायला लागते.