कागद पाणी कसं पितो ते उजेडाने मोजायची तयारी

आधी कागद. इंदूरच्या खजुरी बाजारात एखाद्या जुन्या स्टेशनरीवाल्याकडे टीपकागद विचारा. नव्या दुकानांतून बहुधा टिश्यूपेपर पुढे करतील. सोबत झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद आणि रद्दीतलं वर्तमानपत्र घ्या. पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून रात्रभर एकाच खोलीत पसरा. पावसाळ्यात हे टाळू नका, दमट कागद आधीच थोडा प्यायलेला असतो.

दिवा बॅटरीवरचा हवा. घरातल्या विजेवरचे कितीतरी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, फोनवरचा उजेडाचा आकडा नाचतो. टॉर्चमध्ये नवे सेल घाला, उजेड वरून कागदावर पडू द्या. बुटांच्या खोक्याला आतून काळा कागद लावा, तळाशी 'फायफॉक्स' (फोनच्या सेन्सरने मोजमाप करणारं) ॲप घातलेला अँड्रॉइड फोन, त्यावर मोठी काच. आयफोनचा प्रकाशाचा सेन्सर ॲपला आकडे देत नाही, म्हणून तो नको. सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. बोट फिरवून पाहा, आकडा जिथे पडेल ती जागा. काचेवर पुठ्ठ्याची चौकट ठेवून कागद तिच्यावर ताणून चारही बाजूंनी सेलोटेप लावा. सैल राहिला तर भिजल्यावर वळतो आणि तुम्ही पाणी नव्हे, वळण मोजत बसता.

आकडा वाढतो तो का, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. कोरड्या कागदात तंतूंमध्ये हवा असते. तंतूंमधल्या सेल्युलोजचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) सुमारे १.५, हवेचा १. एवढ्या फरकामुळे उजेड विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी १.३३ चं पाणी आलं की विखुरणं घटतं, उजेड आरपार जातो. कचोरीच्या कागदावरचा पारदर्शक डाग तो हाच.

एक मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून. कोरड्या कागदाचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय थेंब सोडायचा नाही. झेरॉक्सच्या कागदाला पाणी अडवणारी खळ असते, थेंब वर तसाच बसतो आणि भिंगासारखा उजेड गोळा करतो. तिथली पहिली उडी खरी धरू नका.

फोनवरचा आकडा लक्समध्ये, म्हणजे उजेडाच्या मापात असतो; लक्स म्हणजे ग्रॅम नव्हेत. कारखान्यात कॉब चाचणीत सहसा ६० सेकंद पाणी ठेवून १०० चौरस सेंटीमीटरचं वजनच करतात. त्यात वजन कळतं, वाटचाल नाही. ती उजेड दाखवतो. पण ताळा हवाच, तेव्हा सराफ्यात ओळखीच्या काकांकडे काटा मागा. दिवसाच जा, रात्री तिथे खाऊगल्ली भरते, काटे नाहीत, भुट्ट्याचा कीस मिळतो.

गोडेतेल सगळ्यात शेवटी. त्याचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, म्हणून आकडा पाण्याहून वर जाईल, पण काच एकदा तेलकट झाली की त्या दिवशीचं मोजमाप तिथेच थांबतं.