वस्तीत पालकसभा घ्यायची तर बाळं आधी बोलवा

नवी मुंबईतला दिघा असो, तुर्भे स्टोअर असो की ठाण्याचं लोकमान्यनगर, सुरुवात अंगणवाडी सेविकेपासून करा. कुठल्या घरात किती महिन्यांचं बाळ आहे हे तिला ठाऊक असतं. पाण्याची वेळ टाळून दुपार ठरवा, सतरंजी अंथरा. प्रोजेक्टर नको.

‘मुलांना घरी ठेवून या, म्हणजे नीट ऐकता येईल’ असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. बाळच नसेल तर त्याच्याशी कसं बोलायचं हे दाखवणार कसं?

खरी कसोटी आईला बाळाशी बोलतं करण्याची. मलाही हेच सगळ्यात जड गेलं. ‘त्याला आत्ता काय कळतंय?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर मेंदूची चित्रं काढून भाषण देऊ नका. पाच-सहा महिन्यांचं, पोट भरलेलं, झोप झालेलं बाळ आईच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून बसवा. मानेला, पाठीला आधार हवा. बाळाने ‘अग्गू’ केलं की आईने तसाच आवाज काढायचा आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच कठीण. बाजूच्या बायका लगेच टाळ्या वाजवतात, कुणी खुळखुळा पुढे करतं. त्यांना थांबवा. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजा. ते पाय झाडतं, ओठ हलवतं, पुन्हा आवाज काढतं. हे डोळ्यांनी पाहिलेल्या आजीला वेगळं पटवावं लागत नाही. बाळ रडलं तर ताणू नका, दुसरं घ्या.

मग हेच भाजी निवडताना, अंघोळ घालताना करायला सांगा, आणि घरच्याच भाषेत: मराठी, भोजपुरी, कन्नड, जी असेल ती. बाळाशी मोडक्या इंग्रजीत बोलण्याचा आग्रह मला मुळीच मान्य नाही.

बाळाच्या हाती मोबाइल दिला म्हणून आईला सगळ्यांसमोर झापू नका. हाताशी कुणी नसतं म्हणून ती तो देते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला तेवढा सांगा: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास.

नऊ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल, हाकेला वळून बघत नसेल, तर चारचौघांत बोलू नका. आईला बाजूला घ्या. ‘याचा बापही उशिराच चालला’ यावर विसंबून राहू देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलं तपासायला येतं, पण त्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात पाठवा, जमलं तर सोबत जा.

बापांची सभा रविवारी, वेगळी. आयांसमोर ते तोंड उघडत नाहीत.