रात्री दोनचा बॅकअप आणि भिंतीवरचं बटण

मी मिरजेत घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका आणि गेली काही वर्षं मुख्यतः कुलवृत्तांत. एक कुलवृत्तांत म्हणजे चारशे पानं, तीनेकशे जुने फोटो आणि छपाईच्या आदल्या दिवशी फोन करून "अहो, आमच्या आत्याच्या धाकट्याचं नाव राहिलंय" सांगणारे एक तरी काका. मजकूर गेला तर मी परत टाइप करीन, पण स्कॅन करून परत दिलेले फोटो कुठल्या तोंडाने पुन्हा मागू? म्हणून भाच्याने मला रोबोकॉपीची (ही विंडोजमधली फायली कॉपी करणारी आज्ञा) चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहून दिली. ती सगळं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीत, ती रोज रात्री दोनला लावली, "मावशी, आता तू निवांत झोप" म्हणाला आणि पुण्याला गेला.

पाच आठवड्यांनी मी सहज बाहेरची डिस्क उघडली. तिच्यात तो गेला त्या दिवशीच्याच फायली होत्या. पुढचं एकही पान नाही.

तेव्हापासून ही भानगड मी स्वतःच सोडवत आले. बॅकअप बंद पडला तर आधी बॅच फाइल उघडून तिच्यात खुडबुड करू नका. टास्क शेड्युलर उघडा, डावीकडे लायब्ररीवर क्लिक करा आणि मधल्या यादीत आपल्या कामासमोरचे तीन रकाने बघा: लास्ट रन टाइम, लास्ट रन रिझल्ट आणि नेक्स्ट रन टाइम. शेवटची वेळ जुनी असेल, तर काम सुरूच झालेलं नाही. वेळ ताजी पण निकाल विचित्र असेल, तर सुरू होऊन कुठेतरी अडखळलंय. वेळही ताजी, निकालही चांगला आणि डिस्कवर फायली मात्र नाहीत, असं असेल तर आधी चहा ठेवा, मग बसा. खाली हिस्टरीचा टॅब बहुतेक वेळा बंद असतो. उजवीकडच्या पट्टीत ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’वर क्लिक केलं की त्या दिवसापासून नोंदी येऊ लागतात. मागच्या येत नाहीत.

माझ्याकडे काम सुरूच होत नव्हतं, आणि त्याचं कारण आमच्या सासूबाई. झोपण्याआधी त्या घरभर फेरी मारतात आणि भिंतीवरचं एकेक बटण बंद करतात. टीव्ही, मिक्सर, मोबाइलचा चार्जर आणि माझा संगणक. मी तो स्लीपवर ठेवायची. यूपीएस थोडा वेळ टुकटुक करून मान टाकायचा. झोपलेल्या संगणकाला टास्क शेड्युलर उठवू शकतो. त्यासाठी कामाच्या कंडिशन्स टॅबमध्ये ‘वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क’ला खूण लागते आणि पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली वेक टायमर्सना परवानगी लागते. पण शटडाउन केलेल्या किंवा बटणच बंद असलेल्या संगणकाला तो काही उठवू शकत नाही. रात्री दोनची वेळ ही जिथे यंत्रं रात्रभर चालू असतात त्या ऑफिसांची. घरात ती शोभत नाही. मी बॅकअप दुपारी दीडला लावला. तेव्हा मी जेवायला उठते आणि संगणक चालूच असतो.

शिवाय सेटिंग्ज टॅबमध्ये ‘रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड’ला खूण करा. वेळ चुकली, तर संगणक सुरू झाल्यावर काम आपणहून होतं. मूळ सेटिंगमध्ये ही खूण नसते. आमच्याकडे मंगळवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा हिचाच आधार.

कंडिशन्समध्येच विजेची एक मेख आहे. संगणक भिंतीवरच्या विजेवर असेल तरच काम सुरू करायचं आणि बॅटरीवर गेला की थांबवायचं, अशी सोय आधीपासून चालू असते. लॅपटॉपला ते ठीक. पण डेस्कटॉपचा यूपीएस यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडलेला असेल, तर विंडोज त्यालाही बॅटरीच समजतं. मग वीज गेली की निम्म्यावर आलेला बॅकअप तिथेच थांबतो. मी दोन्ही खुणा काढल्या नाहीत. वीज नसताना डिस्कवर लिहीत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं माझं मत. भाच्याला ते पटत नाही.

आता पासवर्ड. जनरल टॅबमध्ये ‘रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ निवडलं असेल, तर शेड्युलर तुमचा पासवर्ड जपून ठेवतो. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत पासवर्ड बदलला की त्याच्याकडे जुनाच राहतो आणि काम अडतं. चार आकडी पिन हा पासवर्ड नव्हे, तो तिथे चालत नाही. घरच्या संगणकावर मी ‘रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन’ हेच ठेवते. स्क्रीन लॉक असली तरी लॉग्ड ऑन धरतात. दीड वाजता बॅच फाइलची काळी खिडकी उघडते. ती दिसली की हे आतून ओरडतात, "तुझं जेवण आलं बघ."

डेस्कटॉप जुना असेल, तर घड्याळही बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला की बटण बंद करून परत चालू केल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. त्या हिशेबाने आजचा बॅकअप अजून यायचाच असतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

सुरू न होण्याची कारणं ही एवढीच. निकालाचा रकाना जास्त फसवा आहे. ०एक्स० म्हणजे ठीक. ०एक्स४१३०३ म्हणजे अजून एकदाही चाललेलं नाही. ०एक्स१ दिसलं की सगळीकडे सांगतात, चूक झाली. मीही दोन दिवस घाबरून होते. पण रोबोकॉपीची रीत उलटी आहे. ती ० देते तेव्हा ‘कॉपी करण्यासारखं काही नव्हतं’ आणि १ देते तेव्हा ‘फायली नीट कॉपी झाल्या’. २ म्हणजे डिस्कवर काही जादा फायली सापडल्या, ३ म्हणजे १ आणि २ दोन्ही. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काळजी. म्हणजे रोज काम करणाऱ्या माणसाला रोज ०एक्स१ दिसायला हवं. ते न दिसता आठवडाभर ०एक्स० दिसलं, तर उलट संशय घ्या.

०एक्स४१३०१ म्हणजे काम आत्ता चालू आहे. ते सकाळी दिसलं, संध्याकाळी दिसलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही दिसलं, तेव्हा मी लॉग, म्हणजे रोबोकॉपीने लिहिलेली कामाची नोंद, उघडला. पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल उघडी राहिली होती आणि रोबोकॉपी तिच्यापाशी हटून बसली होती. फाइल मिळाली नाही तर ती ३० सेकंद थांबून परत प्रयत्न करते, हे मला माहीत होतं. असे किती वेळा? न सांगितल्यास १० लाख वेळा. गुणाकार करून बघा, एका फाइलसाठी ३४७ दिवस! त्यात शेड्युलरचा नियम असा की पहिलं काम चालू असताना दुसरं सुरू करायचं नाही, आणि तीन दिवसांवर चाललेलं काम थांबवायचं. म्हणजे एका उघड्या फाइलने तीन दिवसांचा बॅकअप खाल्ला असता. उपाय दोन शब्दांचा. रोबोकॉपीच्या ओळीच्या शेवटी /आर:२ /डब्ल्यू:५ लिहा. दोनदा प्रयत्न, मध्ये पाच सेकंद, मग पुढची फाइल. (मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत.)

पुढची अडचण इंग्रजीत फोल्डरांची नावं ठेवणाऱ्यांना कधी येणारच नाही. माझा फोल्डर ‘कुलवृत्तांत’ आहे, देवनागरीत. भाच्याने चाचणी घेतली ती ‘वर्क’ नावाच्या फोल्डरवर. मी मार्ग (फोल्डरचा पत्ता) बदलून देवनागरी नाव घातलं आणि निकाल आला ०एक्स१०. हा रकाना सोळाच्या हिशेबात बोलतो, म्हणजे दहा नव्हे, सोळा. रोबोकॉपीच्या भाषेत सोळा म्हणजे काहीच कॉपी झालं नाही. कारण असं की नोटपॅड फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी साठवण्याच्या पद्धतीत) साठवतं आणि काळी खिडकी ती जुन्या इंग्रजी कोडपेजने, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्याने, वाचते. ‘कुलवृत्तांत’चा तिथे भलताच चिखल होतो आणि त्या नावाचा फोल्डर अर्थातच सापडत नाही. बॅच फाइलच्या अगदी वर सीएचसीपी ६५००१ अशी ओळ टाकली की देवनागरी नीट वाचली जाते. सेव्ह करताना एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ असू द्या, ‘विथ बीओएम’ (फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण) नको. नाहीतर पहिल्याच ओळीला ठेच लागते. लॉगसाठीही /लॉग ऐवजी /युनिलॉग वापरा, म्हणजे नावं वाचता येतात. मार्गात मोकळी जागा असेल, तर त्याला अवतरणचिन्हं लावा. मात्र शेड्युलरमधल्या ‘स्टार्ट इन’ या चौकटीत ती लावू नका, तिथे चालत नाहीत.

डिस्कच्या अक्षराची गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते. विंडोज प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देतं; माझ्या बॅकअपच्या डिस्कचं ई होतं. एक दिवस ती काढून ठेवली होती, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लावला आणि त्याला ई मिळालं. दीड वाजले. एका घराण्याच्या पेन ड्राइव्हवर दुसऱ्या घराण्याचा कुलवृत्तांत बसला. मी तो तसाच परत दिला. त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. आमचे आणि त्यांचे काही नाते लागते का, म्हणून.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला एक्स हे अक्षर दिलं. स्वतः दिलेलं अक्षर विंडोज त्या डिस्कसाठी लक्षात ठेवतं, आणि पेन ड्राइव्हला अक्षर देताना ते इतक्या लांब जात नाही. दुसरं, डिस्कवर ‘खूण’ नावाची एक रिकामी मजकूर फाइल ठेवली. बॅच फाइल आधी ती शोधते. नसेल तर ९९ हा आकडा देऊन तिथूनच माघारी फिरते. शेड्युलरमध्ये तेव्हा ०एक्स६३ दिसतं. सोळा सक शहाण्णव आणि वर तीन. ०एक्स६३ म्हणजे डिस्क लावायची राहिली, एवढंच. त्या फाइलचं नाव मी रोमन लिपीतच ठेवलंय. सगळीकडे शौर्य दाखवू नये.

राहिला तिसरा प्रकार. निकाल चांगला, फायली गायब. बॅच फाइलमध्ये /एमआयआर लिहिलेलं असेल, तर मूळ फोल्डर आणि डिस्क हुबेहूब सारखी ठेवली जातात. मुळातून पुसलं की डिस्कवरूनही पुसलं. मी एका क्लाउड सेवेचा ‘तुमचे डॉक्युमेंट्स सुरक्षित ठेवू का?’ हा प्रश्न न वाचताच हो म्हटलं होतं. तिने डॉक्युमेंट्सचा फोल्डर उचलून आपल्या फोल्डरात नेला. जुन्या जागी नाव तेच, आत काही नाही. दीड वाजता रोबोकॉपीने रिकामा फोल्डर पाहिला आणि डिस्कही आज्ञाधारकपणे रिकामी केली. फायली क्लाउडच्या फोल्डरात होत्या, म्हणून वाचले. आता /एमआयआर काढून /ई लावलंय. ती नुसती भर घालते, पुसत नाही. डिस्क लवकर भरते, भरू दे. तुमच्या फायली नक्की कुठे आहेत ते बघायचं तर एका फाइलवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन वाचा. बॅच फाइलमध्ये तोच मार्ग हवा.

लॉगच्या तळाशी एक तक्ता येतो. त्यात फेल्डच्या खाली शून्य हवं आणि टोटलचा आकडा तुमच्या अंदाजाजवळ हवा. माझ्याकडे तो अकरा हजारांच्या आसपास असतो. एकदा बेचाळीस आला, त्या क्षणी कळलं की मार्ग चुकलाय. एकच मोठी फाइल रोज फेल होत असेल, तर डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे का बघा. त्यावर ४ जीबीची एक फाइल मावत नाही.

रोबोकॉपी न वापरता विंडोजच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयी, फाइल हिस्टरी किंवा सिस्टिम इमेज (सगळ्या संगणकाची प्रत), वापरणाऱ्यांनी इव्हेंट व्ह्यूअर हा विंडोजचा नोंदी दाखवणारा प्रोग्राम उघडावा. अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आणि त्याखाली आपल्या बॅकअपच्या सोयीचं नाव शोधावं. सिस्टिम इमेजसाठी डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेलीच लागते. ‘शॅडो कॉपी’ (बॅकअपसाठी विंडोज घेतं ती फायलींची तात्पुरती प्रत) हे शब्द दिसले, तर आधी संगणक रीस्टार्ट करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच सुटतं. नाही सुटलं तर जागा तपासा. त्यात संगणक सुरू करणाऱ्या, म्हणजे बूटच्या, छोट्या विभागातली जागाही येते. ५०० एमबीहून लहान विभागात निदान ५० एमबी मोकळे लागतात.

दर महिन्याच्या एक तारखेला मी डिस्कवरची कुठलीही एक फाइल दुसऱ्याच संगणकावर, म्हणजे ह्यांच्या लॅपटॉपवर, उघडून बघते. नाव दिसून भागत नाही, आतलं पान उघडावं लागतं. आणि आणखी एक डिस्क घेतलीय. तिच्यावर महिन्यातून एकदा सगळं उतरवून ती सासूबाईंच्या कपाटात, इरकलीच्या घडीखाली ठेवते. ती परत ठेवायला एखाद-दोन दिवस उशीर झाला, की आता त्याच विचारतात, "तुझी डबी कुठंय गं?"